परत परत जाणारा आल्हाद दिघे

१४ जानेवारी १९९७ रोजी आमच्या मंडळाच्या आरोग्य निधीत एकतीस हजार चारशे पासष्ट रुपये पन्नास पैसे शिल्लक होते. संक्रांतीच्या तिळगुळानंतर झालेल्या बैठकीत हा आकडा मी तीनदा वाचून दाखवला आणि तिन्ही वेळा कुणी ऐकला नाही. सगळे मांडवाच्या रंगाबद्दल बोलत होते.

निधीची हकीकत थोडक्यात अशी. एकाच वर्षात मंडळाचे तीन सभासद तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आम्हा मराठी मंडळींनी वर्गणी काढून हा निधी उभा केला. अध्यक्ष भय्यासाहेब पागे. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेवर होते आणि भय्यासाहेबांचा आवाज अजूनही घोड्यांना हुकूम द्यावा असाच आहे. मी बँकेत हिशेब तपासणारा, एम. कॉम. झालेला, म्हणून कोषाध्यक्ष. दर महाशिवरात्रीला राम घाटावर मांडव घालून आम्ही कॅन्सर निदान महाशिबिर घेत असू. इंदूरहून डॉक्टर येत, माइकवर भाषणं होत, लोक रांगेत उभं राहून तोंडं उघडत आणि प्रत्येकाला द्रोणात प्रसाद मिळे. ज्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसे त्याच्या हातात प्रसादाबरोबर भय्यासाहेबांच्या सहीची चिठ्ठी पडे, की पुढील तपासणीसाठी इंदूरला जावे. १९९६ साली सहाशे बारा तोंडं तपासून झाली. तो आकडा वर्तमानपत्रात छापून आला. भय्यासाहेबांनी कात्रण लॅमिनेट करून घेतलं.

त्या बैठकीला आल्हाद दिघे अर्धा तास उशिरा आला. तो नेहमीच उशिरा येतो. औषध कंपनीचा एमआर, म्हणजे बॅग घेऊन दिवसभर डॉक्टरांच्या दाराशी बसणारा माणूस. वय अडतीस, स्कूटर कायम रिझर्व्हवर, आणि खिशात कधीही एकही पावती सापडायची नाही. मंडळात त्याला घेतलं ते त्याच्या ओळखीने डॉक्टर फुकट येतात म्हणून. बोलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"भय्यासाहेब, त्या चिठ्ठीवाल्यांचं काय झालं?" बसता बसता त्याने विचारलं.

"कोण चिठ्ठीवाले?"

"गेल्या शिवरात्रीला ज्यांना आपण इंदूरला जायला सांगितलं ते."

"गेले असतील की."

"ते कुठले होते?"

"घाटावरचे होते. कुठले काय?"

"शिवरात्रीला घाटावर उज्जैनचे किती असतात हो? आपण मंदसौर तपासलं, शाजापूर तपासलं, झाबुआ तपासलं. सगळे संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. आता त्यांना शोधायचं म्हटलं तर पुढच्या सिंहस्थाची वाट बघावी लागेल."

दोघे-तिघे हसले. भय्यासाहेबांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि कडकन कातरली. "आल्हाद, तू औषधं विक. सेवा आम्ही करून राहिलो."

मग आल्हादने बॅगेतून झेरॉक्स काढले. केरळातल्या एका जिल्ह्यात काही वर्षं चाललेल्या कामाचा तो अहवाल होता. तिथे तंबाखू खाणाऱ्यांच्या घरी दर वर्षी जाऊन तोंड पाहिलं आणि तंबाखू सोडायला सांगितलं. ज्यांच्याकडे असं परत परत गेले, त्यांच्या तोंडात नवे चट्टे कमी उठले. ज्यांना असं सांगायला कुणी गेलं नव्हतं, त्यांच्यात जास्त उठले. एवढंच त्यात होतं. मशीन नाही, मांडव नाही, प्रमुख पाहुणे नाहीत.

"केरळात नारळ असतात," भय्यासाहेब म्हणाले. "आपल्याकडे काय?"

"तोंड तेच असतं, भय्यासाहेब."

"आणि माणसं जमवायची कशी?"

"जमवायची नाहीतच. आपण जायचं. एकच वस्ती धरायची. भैरवगढ धरू. आणि परत जायचं. हे परत जाणं काढलं तर बाकी सगळ्याला काही अर्थ नाही, मग आपला मांडव काय वाईट?"

मला वाटतं, त्या दिवशी त्याला बाहेरच काढलं असतं. पण ज्या मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं त्यांच्याकडून तारीख मिळाली नव्हती, आणि मंत्र्यांशिवाय शिबिर घेणं भय्यासाहेबांना मंजूर नव्हतं. शिबिर कार्तिक पौर्णिमेवर गेलं. मधले महिने रिकामे होते. आल्हादने लगेच एमआरची भाषा काढली. "सॅम्पल म्हणून घ्या. चार हजार दोनशे रुपये. पटलं तर पुढचं बोलू."

भय्यासाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मुळे, याला यात काय मिळतं?"

"माहीत नाही."

"औषध कंपनीचा माणूस फुकट शिंकतसुद्धा नाही. त्याच्या कंपनीची तंबाखू सोडायची गोळी येत असेल. तुम्ही जात जा त्याच्याबरोबर. पैसे तुमच्या हातात ठेवा."

अशा रीतीने माझे रविवार गेले. घरी सौ. सुमन म्हणाली, "सहा दिवस बँकेचं तोंड बघता, सातव्या दिवशी लोकांचं बघा."

भैरवगढला छिप्यांची वस्ती आहे. कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणारे ते छिपे. लांबलचक टेबलांवर कापड ताणलेलं असतं आणि कारागीर सकाळपासून ठसा रंगात बुडवतो, कापडावर ठेवतो, वरून मुठीने ठोकतो. दोन्ही हात मनगटापर्यंत रंगात असतात. त्या हातांनी बिडी पेटवता येत नाही, चहाचा कप धरता येत नाही. म्हणून काम सुरू करायच्या आधीच तंबाखू मळून गालात धरायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिच्यावर राहायचं. वस्तीतल्या पुरुषांची ही रीतच होती. एका बाजूचा गाल नेहमी थोडा पुढे आलेला.

आल्हादची पद्धत पाहून माझं डोकं दुखायला लागलं. पहिल्या घरी वीस मिनिटं तो फक्त ठशांबद्दल बोलला. दुसऱ्या घरी त्यांच्या मुलाच्या लग्नाबद्दल. तिसऱ्या घरी तर क्रिकेट. मी हातात टॉर्च आणि जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्यांचं पाकीट धरून उभा.

"आल्हाद, तंबाखूचं कधी बोलणार?"

"मुळेकाका, पहिल्या भेटीत औषधाचं नाव काढणाऱ्या एमआरला डॉक्टर दुसऱ्या भेटीला आत घेत नाहीत."

"इथे कुणी डॉक्टर नाही. आणि पेट्रोल माझ्या हिशेबात आहे."

दुसऱ्या रविवारी त्याने तोंडं बघायला सुरुवात केली. फ्रीगंजच्या दंतवैद्य डॉक्टर अश्विनी यांनी त्याला शिकवलं होतं. दोन्ही गाल, ओठांच्या आत, जीभ उचलून खाली. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर पुढच्या खेपेला अश्विनी स्वतः येऊन बघणार. वस्तीने आधी थट्टाच केली.

"बाबूजी, मुँह में क्या ढूँढ रहे हो? सोना होता तो घरवाली निकाल लेती."

"देखना, ये दाँत का पाउडर बेचेंगे. दूसरे वाले के हाथ में पैसों का थैला है."

दुसरे वाले म्हणजे मी.

सोडा असं आल्हाद कुणाला म्हणतच नव्हता. तो विचारायचा, सकाळची पहिली चिमूट किती वाजता? आठला? मग पुढच्या रविवारपर्यंत नऊला घ्या. तोपर्यंत गालात लवंग धरा. पुढच्या रविवारी तो खरंच येऊन विचारायचा, नऊ की आठ? लोक खोटं बोलत. तो हसून परत पुढच्या रविवारी विचारायचा. एका आजीने मला सांगितलं, "यो थारो भाणेज है के? अणे के दे, रोज मती आवे." मी तिला सांगितलं की तो माझा भाचा नाही, आणि रोज येत नाही, फक्त रविवारी येतो. तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं.

बद्रीलाल छीपा हा तिथला जाणता कारागीर, पन्नाशीचा. त्याच्या तोंडात डाव्या गालाच्या आत रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा होता. पुढच्या खेपेला अश्विनी आल्या. त्यांनी टॉर्च धरून बराच वेळ पाहिलं, बोटाने कडा चाचपली आणि आल्हादला मराठीत म्हणाल्या, "कड लाल आहे, कडक पण आहे. इंदूरला तुकडा काढून तपासायला हवा. लवकर."

"बद्रीलालजी, इंदौर चलना पड़ेगा," आल्हाद म्हणाला.

"पता है."

"पता है?"

"पिछली शिवरात को घाट पे भी यही बोला था. पर्ची दी थी. रखी है."

"कहाँ?"

बद्रीलालने रंगाने भरलेला हात भिंतीतल्या देवळीकडे केला. तिथे महादेवाची तसबीर, पितळी घंटी, वाळलेलं बेलपत्र, आणि तसबिरीला टेकवून उभी केलेली आमची चिठ्ठी. तिच्यावर कुंकवाचं बोट लावलेलं होतं. खाली भय्यासाहेबांची वळणदार सही.

सुनेने त्याला ती वाचून दाखवली होती. त्यात काय लिहिलंय हे त्याला व्यवस्थित कळलेलं होतं. पण शिवरात्रीला, राम घाटावर, कपाळी गंध लावलेल्या माणसांनी प्रसादाच्या द्रोणाबरोबर जे हातात ठेवलं ते त्याने देवापुढे ठेवलं. जे लिहिलंय ते भोलेनाथ बघून घेतील. वर्षभर तो रोज सकाळी त्या चिठ्ठीला नमस्कार करत होता आणि मग तंबाखू मळत होता.

"तो अब चलो," आल्हाद म्हणाला.

"अब कैसे? भगवान के पास रखी चीज़ है. उनको सौंप दी. जिसने दी, वो आके उठाए, तब दूसरी बात."

त्यानंतर आल्हाद बद्रीलालकडे किती वेळा गेला ते मी सांगू शकत नाही, कारण मधल्या वारीही तो दवाखान्यांच्या फेऱ्या चुकवून तिकडे जायला लागला होता. बद्रीलाल प्रत्येक वेळी चहा पाजायचा आणि तेच सांगायचा. ऊन आहे तोवर काम आहे, लग्नसराईच्या चादरी आहेत, आणि चिठ्ठी मी उचलणार नाही. अश्विनींनी दोनदा आठवण केली की चट्टा वाट बघत नाही. मी आल्हादला म्हटलं, "चिठ्ठी तूच उचल आणि विषय संपव." तो म्हणाला, "मी दिली नव्हती. त्याला माहीत आहे मी दिली नव्हती."

म्हणजे आता भय्यासाहेबांना भैरवगढला न्यायचं होतं.

भय्यासाहेब ऐकून लालच झाले. "मी? छिप्याच्या घरी जाऊन चिठ्ठी परत घेऊ? मग दिली कशाला होती?"

"तेच तो विचारतो आहे," आल्हाद म्हणाला.

हे बोलायची गरज नव्हती. भय्यासाहेब आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आल्हाद रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचा. ते आत निघून जायचे. तो त्यांच्या पत्नीशी, आमच्या वहिनीसाहेबांशी, भाज्यांच्या भावाबद्दल बोलून परत यायचा. मला विचाराल तर ही माणसाला नमवण्याची अत्यंत कंटाळवाणी रीत आहे. नवव्या दिवशी भय्यासाहेब बाहेर आले आणि म्हणाले, "तुला काही कामधंदा आहे की नाही?"

"आहे. पण भय्यासाहेब, तिथे तुमच्या सहीची रोज पूजा होते. कुंकू लावून. मी डोळ्यांनी पाहिली."

"कुंकू लावून?"

"मुळेकाकांना विचारा."

मला विचारलं. मी हो म्हटलं.

एप्रिलमधल्या रविवारी भय्यासाहेब स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत अश्विनींच्या गाडीतून भैरवगढला उतरले. गल्लीतून रंगाचं पाणी वाहत होतं. ते टाचा उचलून चालले. बद्रीलालने खाटेवर चादर घातली आणि पाहुण्यापुढे तबकात सुपारी ठेवली. भय्यासाहेबांनी सवयीने खांड उचललं, आल्हादकडे पाहिलं, आणि तोंडात टाकलं.

अश्विनी म्हणाल्या, "भय्यासाहेब, आधी हे बघून घ्या," आणि बद्रीलालच्या तोंडात टॉर्च धरला. भय्यासाहेब वाकले. पाच शिबिरं त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली होती, पण मांडवात ते नेहमी माइकपाशी असत. त्यांनी आत पाहिलं, मान मागे घेतली, परत पाहिलं.

"गेल्या वर्षी शिवरात्रीला एवढंच होतं का?"

"छोटा था," बद्रीलालच म्हणाला.

"इतने दिन में कोई पूछने नहीं आया?"

"आया ना. ये आए." त्याने आल्हादकडे हनुवटी केली. "पीछे ही पड़े हैं, जैसे हमने इनकी भैंस चुराई हो. पर ये तो अब आए. आपके घाट वाले कोई नहीं आए."

भय्यासाहेबांनी चपला काढल्या. देवळीपाशी जाऊन दोन्ही हातांनी चिठ्ठी उचलली, कपाळाला लावली आणि वरच्या खिशात ठेवली. मग बद्रीलालकडे वळून त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "कल इंदौर जाना है. मैं बोल रहा हूँ."

"जी," बद्रीलाल म्हणाला.

जाताना गाडीत भय्यासाहेबांनी खिडकीबाहेर सुपारी थुंकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खात होते.

सोमवारी आल्हाद बद्रीलालला बसने इंदूरला घेऊन गेला. तुकडा काढला. कॅन्सर होता, पण गालातच होता. मेमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि गालाचा तो भाग काढला. बद्रीलाल पावसाळाभर घरी बसला, जो त्याच्या धंद्यात तसाही मंदीचा असतो, आणि दसऱ्याच्या सुमारास परत टेबलापाशी उभा राहिला. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. पोळी कालवून खातो. बोलणं तेवढंच आहे.

त्याचं निभावलं. निधीचं काय होणार ते ठरायचं होतं. ऑक्टोबरच्या बैठकीत मी हिशेब ठेवला आणि आल्हादने कामाची माहिती दिली. तेवीस जणांनी तंबाखू सोडली होती. त्यांतल्या काहींनी आधी दोनदा सोडून पुन्हा धरली होती, हेही त्याने सांगून टाकलं. सांगितलं नसतं तर चाललं असतं.

"तेवीस?" एक सभासद म्हणाले. "शिबिरात सहाशे बारा होतात. लोकांना काय तोंड दाखवायचं?"

"फोटो आहेत का?" दुसरे म्हणाले.

"फोटो काढायचे राहिले," आल्हाद म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. आठ महिने रविवार घालवून या माणसाने एक फोटो काढला नव्हता. सगळ्यांनी भय्यासाहेबांकडे पाहिलं. कार्तिक पौर्णिमेचं शिबिर घेतलं असतं तर निधी संपला असता, आणि भैरवगढला दुसऱ्या वर्षी कुणी परत गेलं नसतं. आल्हादला हे माहीत होतं.

भय्यासाहेब म्हणाले, "शिबिर बंद होणार नाही. ती आपली परंपरा आहे." आल्हाद खाली बघत राहिला. "मात्र घाटावर नको. भैरवगढला घ्यायचं. दर तीन महिन्यांनी. तीच घरं, तीच माणसं. मधल्या रविवारी हा जात जाईल. नाव फिरतं महाशिबिर. बॅनर मोठा करा. प्रत्येक वेळी उद्घाटन मी करीन."

"घरोघर जायचं त्याचं उद्घाटन कसलं?" मी विचारलं.

"मुळे, तुम्ही हिशेब बघा."

आल्हाद म्हणाला, "नाव काहीही ठेवा. फक्त परत जाणं काढू नका."

"काढलं का मी? ऐकत जा ना नीट."

मग उद्घाटनाला पानसुपारी द्यायची की नाही यावर पाऊण तास वाद झाला. पाहुण्याला पानसुपारीशिवाय निरोप देणं मंडळात कधी झालं नव्हतं. शेवटी लवंग-वेलदोड्यावर तडजोड झाली. वेलदोडे महाग पडतात हे मी नोंदवून घ्यायला लावलं.

ते काम अजून चालू आहे. दर तीन महिन्यांनी गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागतो, भय्यासाहेब दहा मिनिटं बोलतात, छिपे काम न थांबवता ऐकतात, आणि मग अश्विनी टॉर्च घेऊन आत जातात. आल्हादची विक्री त्या वर्षी एवढी घसरली की १९९८ च्या मार्चमध्ये कंपनीने त्याची जबलपूरला बदली केली. जायच्या आदल्या दिवशी त्याने मला बरोबर नेऊन प्रत्येक घरात सांगितलं, "अब ये आएँगे." माझी संमती त्याने विचारली नव्हती. तेव्हापासून रविवारी मी जातो. मला गप्पा येत नाहीत. मी दारात उभा राहून विचारतो, पहिली चिमूट किती वाजता, आणि उत्तर ऐकून पुढच्या घरी जातो. ती आजी म्हणते, भाणेज बरा होता.

पुढच्या मार्चमध्ये मी बँकेतून निवृत्त होतो आहे. तोपर्यंत निधीचे कागद नीट लावून ठेवावेत म्हणून बसलो होतो. सगळे खर्च पावतीनिशी जुळले, एक सोडून. इंदूरच्या त्या पहिल्या खेपेचं दोघांचं जायचं-यायचं बसभाडं आल्हादने स्वतःच्या खिशातून दिलं होतं. पावतीशिवाय निधीतून पैसे देता येत नाहीत, हा नियम मीच केलेला आहे. तिकिटं मागायला मी बद्रीलालकडे गेलो. ती चारही तिकिटं त्याने देवळीत महादेवाच्या तसबिरीला टेकवून ठेवली आहेत, कुंकू लावून. तो म्हणाला, ज्याने दिली त्याने येऊन उचलावीत. आल्हाद जबलपूरला आहे. त्याचे छप्पन्न रुपये निधीकडून देणं बाकी आहे.